सोऱ्यातून केस: सापडलेल्या वस्तूंचं पहिलं सरिअलिस्ट शिल्प कसं करायचं

१९३६ साली पॅरिसच्या काफे द फ्लोरमध्ये तरुण चित्रकार मेरेट ओपनहाइम, पिकासो आणि छायाचित्रकार डोरा मार गप्पा मारत बसले होते. ओपनहाइमच्या हातात फर लावलेलं कडं होतं. ते बघून पिकासो म्हणाला की फर काय, कशालाही लावता येईल. त्यावर ती म्हणाली, हो, या कपबशीलासुद्धा. असा किस्सा सांगतात. पुढे तिनं दुकानातून एक साधा कप, बशी आणि चमचा आणला आणि तिन्हींना फर चिकटवली. वय वर्षं २२. तो केसाळ कप आज न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि सरिअलिस्ट (अतिवास्तववादी) वस्तूंचा विषय निघाला की पहिलं नाव त्याचंच येतं.

सगळा ऐवज केवढा? बशी २४ सेंटिमीटरच्या आतली. ना ओतकाम, ना वेल्डिंग, ना संगमरवर. तरी बघणाऱ्याच्या ओठांवर काटा येतो, कारण कप तोंडाला लावायचा असतो हे ओठांना पक्कं माहीत आहे. नवख्या माणसानं या कलेची सुरुवात इथूनच करावी. चित्र काढता येत नसलं तरी चालतं, पण वस्तूंची सवय आपल्या अंगात कुठे मुरली आहे, हे ओळखता यायला हवं.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्याकडे जुन्या वस्तूंपासून काही करायचं म्हटलं की लगेच ‘टाकाऊतून टिकाऊ’ आठवतं. बाटली रंगवून फुलदाणी, पोळपाटाला काटे लावून घड्याळ. छंद म्हणून चांगलं आहे, पण आपला रस्ता नेमका उलटा. तिथे निकामी वस्तू कामाची होते, इथे कामाची वस्तू निकामी करायची असते, आणि तीही अशी की तिचं मूळ काम बघणाऱ्याच्या हाताला आठवत राहील. मॅन रे या अमेरिकन कलावंतानं १९२१ साली कपड्यांच्या इस्त्रीच्या तळाला बारीक खिळे ओळीनं चिकटवले, एकूण १४. नाव ठेवलं ‘भेट’. इस्त्री अजून इस्त्रीच दिसते, फक्त शर्टाच्या चिंध्या करील.

दुसरा फरक जरा बारीक आहे. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. अफलातून काम. पण बैल दिसला की सायकल मागे पडते. सरिअलिस्ट जोडणीत दोन्ही वस्तू आपापल्या जागी ठाम राहतात आणि एकमेकींना बेचैन करतात. लोत्रेआमाँ या कवीनं १८६९ सालीच शवविच्छेदनाच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्रीची अचानक गाठ घालून दिली होती. १९२४ च्या सरिअलिझमच्या जाहीरनाम्यानंतर त्याचा लेखक आंद्रे ब्रेताँ याच्या भोवती जमलेल्या मंडळींनी ही ओळ डोक्यावर घेतली. त्या ओळीत छत्रीचं शिवणयंत्र होत नाही, हे बघा. म्हणून गिअर, नळ, बेअरिंग जोडून केलेले रोबो किंवा चमचे वाकवून केलेले मोर मी या खात्यात धरत नाही, कितीही सफाईदार असले तरी.

पायरी १: वस्तू गोळा करणं

ब्रेताँ पॅरिसजवळच्या सँ-उआँच्या जुन्या बाजारात भटकायचा. १९३४ मध्ये तो आणि शिल्पकार जाकोमेत्ती असेच भटकायला गेले आणि जाकोमेत्तीनं धातूचा एक विचित्र मुखवटा उचलला, ब्रेताँनं एक लाकडी चमचा, ज्याच्या दांड्याखाली बुटाचा आकार कोरलेला होता. कशाला हवंय हे दोघांनाही सांगता येत नव्हतं. तीच खरेदीची रीत: यादी घेऊन जाऊ नका.

आपल्याकडे पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे, आणि गावोगाव भंगारची दुकानं आहेत. भंगारवाल्याकडे माल वजनावर मिळतो, त्यामुळे पितळ सोडलं तर खिशाला झळ लागत नाही. ‘अँटिक’ हा शब्द तुम्ही उच्चारू नका, भाव लगेच वर जातो. घरचा माळा मात्र सगळ्यात श्रीमंत. फक्त उचलण्याआधी घरच्यांना विचारा.

काय उचलायचं? ज्या वस्तूला हात ओळखतो ती. अडकित्ता, किसणी, सोऱ्या, फणी, चष्म्याची चौकट, पाटी, बाळाचा वाळा, कवळीचा डबा, कुलूप, टेलिफोनचा रिसीव्हर, चपलेचा लाकडी साचा. शरीराला चिकटून राहणारी आणि तोंडाजवळ जाणारी वस्तू असेल तर डोळे झाकून उचला. शोभेच्या वस्तू, पुतळे, कृत्रिम फुलं टाळा. त्या आधीच काहीतरी म्हणत असतात, त्यांना गप्प करणं कठीण.

काही गोष्टींना हात लावू नका. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब उघडू नका, बंद असतानाही आत विजेचा भार राहू शकतो. पाऱ्याचा थर्मामीटर, ट्यूबलाइट, इंजेक्शनच्या सुया, अॅस्बेस्टॉसचे पत्रे नकोत. हस्तिदंत, वाघनख, कासवाची पाठ बाजारात कोणी दाखवली तर पुढे चला, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं आणि नाणी कापाकापीसाठी नाहीत. जुन्या बाजारात देवांचे टाकही दिसतात, कुणाच्या तरी देवघरातून आलेले. मी ते घेत नाही. भीती वगैरे नाही, पण ती वस्तू सगळं बोलणं आपल्याकडे ओढून घेते आणि उरतो तो फक्त वाद.

पायरी २: गोतावळा समोर मांडणं

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये युटोपिया पार्कवेवरच्या एका साध्या घराच्या तळघरात जोसेफ कॉर्नेल लहान पेट्यांत वस्तू मांडून शिल्पं करायचा. हा माणूस कला शाळेत गेला नाही, कापडाच्या धंद्यात विक्रेता होता, आजारी भावाची शुश्रूषा करायचा आणि अमेरिकेबाहेर कधी पाऊलही टाकलं नाही. जुन्या पुस्तकांची आणि किरकोळ मालाची दुकानं पालथी घालून आणलेल्या चिठ्ठ्या-चपाट्या, नकाशे, मातीचे पाइप, काचेचे पेले, गोट्या तो लेबलं लावून खोक्यांत ठेवायचा. एखादी वस्तू पेटीत जागा मिळेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायची.

तुम्हाला एवढा व्याप नको. एक टेबल किंवा जमिनीवर पसरलेली जुनी चादर पुरे. सगळ्या वस्तू एकमेकींपासून सुट्या मांडा आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा: ही कुठे धरतात? ही काय करते? हिला कशाचा स्पर्श मुळीच चालणार नाही? तिसरा प्रश्न महत्त्वाचा. कपाला केस चालत नाहीत. इस्त्रीला टोक चालत नाही.

पायरी ३: जोडी जमवणं

पहिल्या कामात दोनच वस्तू घ्या. हा माझा हट्ट आहे. तिसरी वस्तू बहुतेक वेळा पहिल्या दोघींचं भांडण मिटवायला येते, आणि भांडण मिटलं की काम संपलं. चार-पाच वस्तू झाल्या की प्रदर्शनाची खिडकी होते.

जोडी चुकते ती दोन प्रकारे. एक म्हणजे फार जवळची: चष्मा आणि पुस्तक, कुलूप आणि किल्ली. दुसरी म्हणजे उगाच लांबची: नारळ आणि कॅल्क्युलेटर. लांबच्या जोडीत धक्का असतो, पण त्याला पकड नसते. चांगल्या जोडीत एक चोरवाट असते, आकाराची, हालचालीची किंवा घरातल्या एखाद्या सवयीची, आणि ती सापडली की बघणारा जरा दचकतो.

उदाहरण म्हणून एक जोडी शेवटपर्यंत नेऊ: पितळी सोऱ्या आणि गंगावन. सोऱ्यातून शेव पडते, बारीक, लांब, लोंबती. गंगावनाचे केसही लांब आणि लोंबते. ही झाली चोरवाट. आणि खाण्यात केस आला की घास तोंडातून बाहेर, हे कुठल्याही स्वयंपाकघरात सांगावं लागत नाही. त्यामुळे ही जोडी मला सरस वाटते. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर तेच घ्या, रीत तीच.

पायरी ४: न चिकटवता बघणं

दोरा, रबरबँड, मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती यांनी वस्तू तात्पुरत्या जुळवा आणि येता-जाता दिसतील अशा जागी ठेवा. फोनवर फोटो काढा. फोटोत खोड लवकर दिसते. दोन-चार दिवसांनीही नजर तिथे अडखळत असेल तर पुढे जायचं. घरातलं कोणी ‘हे काय भलतंच’ म्हणालं तर ती दाद समजा. ‘किती छान’ म्हणालं तर मात्र पुन्हा पायरी ३.

पायरी ५: किती साफ करायचं

पितळ दिसलं की आपला हात पितांबरीकडे जातो. थांबा. लख्ख घासलेला सोऱ्या शोकेसमधला वाटतो. तेलाचे काळपट डाग, दट्ट्याच्या मुठीवरचं झिजलेपण, बुडाशी कोरलेली नावाची आद्याक्षरं, हाच तर त्याचा पुरावा की तो खरंच वापरात होता. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून चिकटा काढा आणि पूर्ण वाळवा. जिथे गोंद लागणार तेवढीच जागा काचपेपरनं खरवडा आणि नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसा. तेलकट धातूला कुठलाही गोंद धरत नाही.

लोखंडाचा सुटा गंज तारेच्या ब्रशनं झाडा, उरलेल्या गंजावर मॅट वॉर्निशचा पातळ हात द्या. जुना तैलरंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला काचपेपर वापरा आणि तोंडाला मास्क लावा. लाकडातून पीठ गळत असेल तर आत भुंगा आहे. अशी लहान वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवली की अळी मरते. नाहीतर ती तुमच्या कपाटापर्यंत पोचेल.

पायरी ६: जोडणी

खूप कामं इथे बिघडतात, म्हणून गोंदाचं गणित आधी. लाकूड, कागद, कापड यांना फेविकॉल. निदान एक बाजू तरी ओलावा शोषणारी हवी, नाहीतर तो वाळतच नाही. धातू, काच, चिनी माती यांना अॅराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी: दोन्ही सारख्या प्रमाणात घ्या, जुन्या फरशीच्या तुकड्यावर नीट घोटा आणि जोडल्यावर २४ तास हात लावू नका. भगदाड भरायचं असेल तर एम-सील. फेविक्विक मला या कामात आवडत नाही. त्याच्या वाफेनं चकचकीत पृष्ठभागावर पांढरट धुकं बसतं आणि जोड ठिसूळ राहतो. शिवाय कापसावर किंवा सुती कापडावर सांडलं तर ते इतकं तापतं की बोट भाजेल.

आणि जिथे स्क्रू, तार किंवा टाका चालतो तिथे गोंद नकोच. बांधलेली वस्तू उद्या सोडवता येते.

आता सोऱ्या. जाड शेवेची चकती घ्या, बारीक शेवेच्या भोकांत केस ओवता ओवता डोळे जातील. गंगावनाची वेणी सोडा, शाम्पूनं धुवा, तेल न लावता वाळवा. त्यातून आगकाडीच्या जाडीचे पेड वेगळे करून प्रत्येकाच्या एका टोकाला गाठ मारा. तांब्याची बारीक तार दुमडून तिचा फासा करा. हा फासा चकतीच्या बाहेरच्या बाजूनं भोकातून आत घाला, पेडाचं मोकळं टोक त्यात अडकवा आणि बाहेर ओढा. गाठ आत अडून बसते. अशी सगळी भोकं भरा. एकही रिकामं ठेवू नका, कारण डोळा नेमका तिथेच जातो. मग सारख्या उंचीचे दोन डबे जवळजवळ ठेवून मधल्या फटीवर चकती ठेवा, केस खाली लोंबू द्या आणि वरून गाठींवर इपॉक्सी पसरा. गोंद भोकातून खाली उतरणार नाही इतकाच.

दुसऱ्या दिवशी चकती नळकांड्यात बसवा. वीतभर केस ठेवले तर रंगाऱ्याचा ब्रश दिसतो, हातभर असू द्या. टोकं कात्रीनं एका रेषेत कापू नका.

दट्ट्या किती दाबलेला ठेवायचा हा निर्णय मला केसांइतकाच मोठा वाटतो. पूर्ण वर असेल तर सोऱ्या अजून भरायचाय. पूर्ण खाली असेल तर काम उरकलं. अर्ध्यावर थांबवला की आत्ताच कुणीतरी हात काढून घेतलाय असं वाटतं. तो तिथे टिकावा म्हणून नळकांड्यात बुचाचा तुकडा अडकवा.

खाली कढई ठेवायचा मोह होईल. नका ठेवू. कढई आली की गोष्ट सांगून झाली.

पायरी ७: जागा देणं

हे शिल्प भिंतीवर, साध्या लोखंडी ब्रॅकेटवर, डोळ्यांच्या किंचित वर लावा. केसांची टोकं बघणाऱ्याच्या हनुवटीपाशी आली पाहिजेत. खाली स्टूल-टेबल नको.

वस्तू लहान असतील तर पेटी बरी. जुन्या टेबलाचा खण, चहाची खोकी, बंद पडलेल्या छापखान्यातला अक्षरांचे खिळे ठेवायचा खणांचा ट्रे, यांतलं काहीही चालेल. नाहीतर फ्रेमवाल्याकडून १० सेंटिमीटर खोल चौकट करून घ्या. कॉर्नेल आपल्या पेट्यांना काच लावायचा. काच लागली की वस्तू दिसते पण हाताला येत नाही, आणि ज्या वस्तूची सगळी ओळख हाताशी आहे तिच्या बाबतीत हा अंतराय फार काम करतो. पाठीला आधी कागद लावा: जुन्या खतावणीचं पान, पंचांग, शाळेचा नकाशा. मैद्याची खळ पुरेशी आहे. बाइंडर मंडळी कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात, पण तो विषारी असतो, मुलं असतील त्या घरात टाळा. घरातले जुने फोटो वापरायचे तर झेरॉक्स वापरा, मूळ प्रत अल्बममध्येच असू द्या.

पायरी ८: नाव

नाव हीसुद्धा जोडलेली वस्तूच. ‘केसाळ शेव’ म्हटलं तर विनोद झाला, लोक हसून पुढे जातील. ‘स्त्रीचं शोषण’ म्हटलं तर परीक्षेचं उत्तर झालं. ‘नरकचतुर्दशी’ म्हटलं तर? त्या पहाटे केसांना तेल लागतं, अभ्यंग होतं आणि नंतर फराळाचं ताट येतं. सोऱ्या आणि केस दोन्ही त्या दिवसात आहेत, पण ते कसे, हे नाव सांगत नाही. असं नाव बऱ्यापैकी समजावं. सुचलं नाही तर साधं ‘वस्तू’ म्हणा. ओपनहाइमच्या कपाचंही एक नाव तेवढंच आहे.

पायरी ९: फोटो आणि राखण

मॅन रेची ती खिळ्यांची इस्त्री प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी गायब झाली. तिचा फोटो होता म्हणून आपल्याला ती माहीत आहे, आणि म्हणूनच त्याला पुढे तिच्या प्रतिकृती करता आल्या. १९२३ मध्ये त्यानं मेट्रोनोमच्या हलत्या काट्यावर डोळ्याचा फोटो लावला होता. १९५७ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी तो पळवून नष्ट केला. त्यानं पुन्हा केला आणि नाव ठेवलं ‘अविनाशी वस्तू’. तेव्हा फोटो काढून ठेवा: खिडकीचा आडवा उजेड, मागे करडा कागद, फ्लॅश बंद, एक समोरून, एक बाजूनं आणि एक हात शेजारी ठेवून, म्हणजे आकार कळतो.

आपल्या हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळा हाच मोठा शत्रू. केस, फर, लोकर, चामडं यांना बुरशी आणि कसर लागते. जूनच्या आधी मऊ ब्रशनं धूळ झाडा. पेटी असेल तर आत कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी लपवा. बाहेरच्या भिंतीला टांगू नका, ओल तिथूनच येते. उन्हातही नको, गंगावन तांबूस पडतं.

मागच्या बाजूला नाव, साल, कुठला गोंद वापरला आणि वस्तू कुठून आल्या हे पेन्सिलनं कागदावर लिहून चिकटवा. एखादा पेड कधीतरी निसटणारच, आणि तो परत बसवणाऱ्याला ही चिठ्ठी लागेल.